पाळवणकर बंधू आणि कर्णधारपदाचा प्रश्न

खेळाचा इतिहास मराठीत बहुधा कौतुकाच्या अंगाने लिहिला जातो. अमुकाने इतक्या धावा काढल्या, तमुकाने इतके बळी घेतले, आणि शेवटी खिलाडूवृत्तीचे गुणगान. संघ कसा बांधला गेला, त्यात कोणाला काय करण्याची मुभा होती, आज्ञा कोणाची आणि घाम कोणाचा, हे प्रश्न त्या लेखनाला पडत नाहीत. आपल्या चळवळीतल्या लेखकांनीही हे क्षेत्र रिकामेच ठेवले. पाणवठा, मंदिर, शाळा, नोकरी या ठिकाणची अस्पृश्यता आपण उकलून दाखविली. मैदानावरची अस्पृश्यता मात्र ‘खेळात जात नसते’ या एका वाक्याच्या आड सुखरूप राहिली.

पाळवणकर बंधूंची कथा अलीकडे काहींना माहीत झाली आहे. रामचंद्र गुहा यांच्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ (२००२) या इंग्रजी ग्रंथामुळे ती पुन्हा बोलली जाऊ लागली. पण बोलली जाते ती ‘एका चांभाराच्या पोराने कसे नाव काढले’ अशी. मला त्यातला दुसरा धागा महत्त्वाचा वाटतो, आणि तो कर्णधारपदाचा आहे. अस्पृश्याच्या हातात चेंडू देणे आणि अस्पृश्याच्या हातात संघ देणे यांच्यात किती अंतर होते, ते कसे कापले गेले, आणि कापल्यावर त्याचा अर्थ कोणी काय लावला, हे पाहिले म्हणजे संघभावना या गोड शब्दाच्या पोटात काय काय दडलेले असते ते कळते.

पाळवणकर कुटुंब मूळचे कोकणातल्या पाळवणचे. जात चांभार. थोरल्या बाळूचा जन्म १८७० च्या दशकात धारवाडला झाला. वडिलांच्या लष्कराशी संबंधित नोकरीमुळे कुटुंब पुण्यात आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि शिवराम ही भावंडे खेळायला शिकली. बाळूची पहिली नोकरी पारशी मंडळींच्या एका क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, आणि सभासदांची लहर लागेल तेव्हा त्यांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला, तेथे चार रुपये मिळू लागले. जाळी लावणे, रेघा आखणे, मैदान राखणे ही कामे होतीच. पण तेथे त्याच्या डावखुऱ्या फिरकीकडे कोणाचे तरी लक्ष गेले आणि जाळ्यात त्याला रोज गोलंदाजी मिळू लागली.

जे. जी. ग्रेग हा त्या काळचा हिंदुस्थानातला नामांकित गोरा फलंदाज, पुढे हॅम्पशायरकडून इंग्लंडमध्येही खेळलेला. हा ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूकडून सराव करून घेई. बाद केलेस की आठ आणे, असा त्यांचा करार होता अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पुढची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पूना क्लबात बाळूने हजारो चेंडू टाकले, पण त्याला एकदाही फलंदाजी करू दिली गेली नाही. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी नोकराची. खेळाची ही विभागणी आपल्या ओळखीची आहे. एकाने विचार करायचा, दुसऱ्याने राबायचे. चातुर्वर्ण्याला इंग्रजी टोपी घातली की असे दिसते!

येथे माझा एक आक्षेप नोंदवून ठेवतो. ग्रेगने बाळूला घडविले असे लिहिण्याची पद्धत आहे. सकाळी उठून एका फलंदाजाच्या खोडी ओळखायच्या, त्याचा पाय कोठे पडतो ते पाहायचे, त्याला जो चेंडू झेपत नाही तोच पुन:पुन्हा टाकून त्याची तयारी करून घ्यायची, या कामाला आज प्रशिक्षण म्हणतात आणि त्याबद्दल मोठा मोबदला देतात. त्या जाळ्यात प्रशिक्षक बाळू होता. त्याच्या हुद्द्याचे नाव मात्र मैदान झाडणारा असे होते. दलित माणसाचे कौशल्य इतिहासात नेहमी ‘सेवा’ या सदरात जमा होते, त्याचा हा एक मासला.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला पूना क्लबाला आव्हान द्यायचे होते, तेव्हा बाळूला घ्यावे की नाही यावर मंडळींत फूट पडली. काही ब्राह्मण सभासदांना अस्पृश्याबरोबर खेळणे नको होते. काहींना सामना जिंकायचा होता. ग्रेगनेच वृत्तपत्रातून सुचविले की असा गोलंदाज बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. शेवटी बाळू संघात आला. कसा आला? मैदानावर सर्व जण तोच चेंडू हाताळीत, कारण चेंडूला विटाळ मानला तर खेळच थांबतो. चहाच्या वेळी मात्र इतरांना मंडपात कपबशी आणि बाळूला बाहेर मातीचे मडके, वापरून फेकून देण्याचे. जेवण वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायचे तर पाणी आणून देणारा नोकरही अस्पृश्यच. इतकी काटेकोर व्यवस्था सुचायला खरोखरच बुद्धी लागते.

पुढे साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध बाळूने सात बळी घेतले आणि पुणे खूश झाले. त्यानंतरच्या सत्कारात न्यायमूर्ती रानडे यांनी ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायलाही हवे असे सुनावले, आणि टिळकांनीही बाळूचा जाहीर गौरव केला, अशी नोंद गुहांनी केली आहे. सुधारक आणि सनातनी दोघेही एकाच्याच गळ्यात हार घालतात, तेव्हा हार घालणाऱ्यांना नेमके काय हवे आहे ते तपासावे. दोघांनाही गोऱ्यांवर विजय हवा होता.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला गेला. तेथल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात काहींनी कुरकूर केली, पण तो घेतला गेला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने त्या विजयाबरोबरच मुंबईच्या जिमखान्यात या भावांसह सहभोजन होते याचीही दखल घेतली. १९०७ पासून तिरंगी सामने सुरू झाले, १९१२ पासून मुसलमान संघ येऊन ते चौरंगी झाले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. त्यात बाळू आणि शिवराम होते. संघ बहुतेक सामने हरला. बाळूने मात्र सर्व सामने मिळून ११४ बळी मिळविले, केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्याचे १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. आकडे येथे थांबवतो.

विठ्ठल आणि गणपत हे धाकटे भाऊही हिंदू संघातून खेळले. विठ्ठल हा फलंदाज होता, आणि चांगलाच. म्हणजे थोरल्याला जी बॅट क्लबाने दिली नव्हती ती धाकट्याने हातात घेतली. एका घरातल्या दहा-बारा वर्षांच्या अंतरात एक पिढी सरकली.

बाळू आता संघातला सर्वांत अनुभवी खेळाडू होता. प्रतिस्पर्ध्यांचे गुणदोष त्याला पाठ. तरी दर वर्षी कर्णधार दुसराच. १९१३ साली एम. डी. पै यांना कर्णधार केले गेले, तेव्हा स्वत: पै यांनीच एका सत्कारात बोलून दाखविले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूला मिळायला हवा होता. पैंचा प्रामाणिकपणा मान्य करायला हवा. पण पद त्यांनी नाकारले नाही हेही तितकेच खरे.

गोलंदाजाला संघात घेणे ही गरज असू शकते. कर्णधाराची गोष्ट निराळी आहे. कर्णधार नाणेफेकीला पुढे जातो. कोणी कोठे उभे राहायचे, चेंडू केव्हा कोणाकडे द्यायचा, कोणाला आधी खेळायला पाठवायचे हे तो सांगतो आणि इतर दहा जण ऐकतात. ब्राह्मणाने चांभाराचा शब्द ऐकून सीमारेषेकडे धावत जायचे! सहभोजनापेक्षा ही गोष्ट फार अवघड. पंगतीत शेजारी बसण्याने समाज बाटला तरी त्याची उतरंड शाबूत राहते. आज्ञा ऐकण्याने उतरंडच उलटी होते. म्हणून मुंबईच्या जिमखान्याने पंगत उघडली आणि कर्णधारपद कुलपात ठेवले.

आता १९२० हे वर्ष पाहा. जानेवारीच्या अखेरीस ‘मूकनायक’ निघाला. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी अस्पृश्यांना तुम्हाला तुमचा पुढारी लाभला आहे असे सांगितले. अस्पृश्यांचे नेतृत्व कोणी करायचे हा प्रश्न त्या वर्षी ऐरणीवर आलेला होता. मुंबईच्या मैदानावर मात्र एक पायरी पुढचा प्रश्न उभा राहिला: अस्पृश्याने सवर्णांचेही नेतृत्व का करू नये? या दोन घटनांचे धागे ओढून जोडण्याची गरज नाही. हवा एकच होती.

त्या वर्षीच्या चौरंगीसाठी पै कर्णधार ठरले. चाळिशी ओलांडलेल्या बाळूला वगळण्यात आले. मुसलमान संघाविरुद्धच्या पहिल्या सामन्याला पै आजारपणामुळे येऊ शकले नाहीत. आता तरी विठ्ठल किंवा शिवराम यांच्यापैकी कोणी, असे कोणालाही वाटले असते. निवड झाली पुण्याच्या दि. ब. देवधरांची. देवधर हे खेळाडू म्हणून लहान नव्हते. १९२६ मधील एमसीसीविरुद्धचे त्यांचे शतक आणि पुढे महाराष्ट्राला त्यांनी मिळवून दिलेले रणजी करंडक कोणी विसरू नये. पण १९२० साली चौरंगीतल्या अनुभवात ते या भावांच्या मागे होते. त्यांच्याजवळ जे अधिक होते ते म्हणजे पदवी, प्रतिष्ठा आणि जात. या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आड कशा लपतात हे आमच्यासारख्या, घराण्यातली पहिलीच पदवी हाती आलेल्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. जात बोलून दाखवायची नसली की ‘शिक्षण’ म्हणायचे. आणि आपण शिकलो की मग ‘संस्कार’ म्हणायचे.

विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. नुसता दिला असे नाही, ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये निवेदन प्रसिद्ध करून दिला. आम्हाला डावलण्यात आले ते आमच्या जातीमुळे आणि हा अपमान आम्ही सोसणार नाही, असा त्याचा आशय होता. मुळशीत आम्ही १९२१ च्या सत्याग्रहाचे नाव अभिमानाने घेतो, आणि घ्यावेच. पण त्याच्या काही महिने आधी दोन भावांनी हातातली बॅट खाली ठेवून जे केले त्याला कोणी सत्याग्रह म्हटले नाही. त्याला ‘वाद’ म्हटले गेले, आजही म्हटले जाते.

परिणाम झाला. वृत्तपत्रांत पत्रे आली, लोक बोलू लागले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै परत आले, विठ्ठल-शिवराम खेळले, बाळूला उपकर्णधार नेमण्यात आले. आणि सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढ्या वेळापुरता संघ बाळूच्या हाती राहावा. ही तडजोड मी अनेकदा मनाशी घोळवली आहे. दारातून नव्हे तर खिडकीतून पद दिले गेले. तरीही त्या थोड्या वेळात दहा हिंदू एका चांभाराच्या हाताच्या खुणेवर हालले. बाळूच्या उभ्या कारकिर्दीत त्याच्या वाट्याला आलेले कर्णधारपद ते एवढेच.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. त्याच वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली, आणि सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर उचलले. १९२५ आणि १९२६ सालीही विजेतेपद हिंदू संघाकडे आले. त्या वेळी राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींनी जो निष्कर्ष काढला तो असा की अस्पृश्यतेचा कलंक पुसला म्हणून विजय मिळाला. वरवर पाहता निष्कर्ष चांगला आहे. मला तो घातक वाटतो. विजय हा समतेचा पुरावा ठरला, तर पराभव कशाचा पुरावा ठरेल? पुण्यात बाळूला संघात घेताना हाच व्यवहार होता: तू जिंकून देतोस म्हणून तुला मडक्यात चहा. १९२३ मध्ये मडक्याच्या जागी खांदा आला, व्यवहार तोच राहिला. माणूस म्हणून जो हक्क आहे त्याला निकालाची अट का असावी? सवर्ण कर्णधार हरला तर त्याचा एक सामना हरतो. दलित कर्णधार हरला तर त्याची जात हरते.

हा अनुभव केवळ आपला नाही. इंग्लंडमध्ये हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेअर’ असा भेद १९६२ पर्यंत अधिकृतपणे पाळला गेला, आणि विसाव्या शतकात पगारी खेळाडू इंग्लंडचा नियुक्त कर्णधार झाला तो १९५२ साली, लेन हटन. वेस्ट इंडिजमध्ये काळे खेळाडू पिढ्यान्‌पिढ्या सामने जिंकून देत होते, पण संपूर्ण मालिकेसाठी काळा कर्णधार नेमला जायला १९६० साल उजाडले. त्यासाठी सी. एल. आर. जेम्स या मार्क्सवादी विचारवंताने त्रिनिदादमध्ये ‘द नेशन’ या पत्रातून मोहीम चालविली. फ्रँक वॉरेल कर्णधार झाला आणि १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर गेला. आधीचा गोरा कर्णधार जेरी अलेक्झांडर त्याच्या हाताखाली यष्टिरक्षक म्हणून खेळला, आणि त्याच मालिकेत त्याने आपली उत्तम फलंदाजी केली. वेगवेगळ्या बेटांचे, वेगवेगळ्या वर्णांचे खेळाडू तेव्हा कोठे एक संघ म्हणून खेळले असे म्हणतात. आणि ती मालिका वेस्ट इंडिज हरले होते! तरी मेलबर्नच्या रस्त्यांवर त्यांना निरोप द्यायला लोटलेली गर्दी अपूर्व होती. जेम्ससारखा लेखक विठ्ठलच्या वाट्याला आला असता तर, असे मनात येते.

पिरंगुटला राहून मी काही वर्षे मुलांचा कबड्डीचा संघ सांभाळतो आहे, त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. चढाईला कोणी जायचे यावर भांडण होत नाही. ज्याच्या पायात जोर आहे त्याला सर्व जण एकमताने पुढे ढकलतात, त्याची वस्ती कोणी विचारीत नाही. भांडण होते ते कर्णधार कोण यावर, आणि तेव्हा आडनावे बोलू लागतात. मॅट अंथरायला, पाण्याचा जार उचलायला तीच दोन-तीन पोरे आपण होऊन उठतात. त्यांना कोणी सांगितलेले नसते. मी कामाची पाळी लावली आणि कर्णधारपदही मोसमात फिरते ठेवले. पहिल्या वर्षी आम्ही वाईट खेळलो. दुसऱ्या वर्षी एका मुलाने, जो एरवी माझ्याशीही खाली मान घालून बोले, सामना चालू असताना आपल्या गावच्या पुढाऱ्याच्या पुतण्याला ‘तू बस, याला जाऊ दे’ असे ठणकावले, आणि तो बसला. संघभावनेवरची व्याख्याने मी त्यानंतर बंद केली. पौड रस्त्याने जाताना अमुक चषक, तमुक चषक असे फलक जागोजागी दिसतात, त्यांवर नेत्यांचे चेहरे मोठे आणि खेळाडूंचे नखाएवढे असतात. तो निराळा विषय आहे.

‘लगान’ (२००१) या चित्रपटातला कचरा अनेकांना बाळूची आठवण करून देतो. पण तेथे काय दाखविले आहे ते नीट पाहावे. कचराची फिरकी ही त्याच्या अधू हाताची करामत. म्हणजे विद्या नव्हे, अपघात. त्याच्या बाजूने बोलतो नायक, आणि कचरा बहुतेक गप्प. बाळूची फिरकी पूना क्लबाच्या जाळ्यात वर्षानुवर्षे घासून तयार झालेली होती, आणि विठ्ठल-शिवराम तर वृत्तपत्रात आपल्या नावाने लिहीत होते. ऐंशी वर्षांनंतरच्या कल्पनेला १९२० चे वास्तव पेलले नाही.

आता आपल्या घरचा प्रश्न. सवर्णांनी पाळवणकरांना विसरावे यात नवल नाही. आपण का विसरलो? त्याचे उत्तर १९३२ आणि १९३७ मध्ये आहे. बाळूने स्वतंत्र मतदारसंघाला विरोध केला, राजा-मुंजे कराराची बाजू घेतली, पुणे करारावर सही केली. १९३३ साली हिंदू महासभेच्या तिकिटावर तो मुंबई महापालिकेची निवडणूक लढला आणि हरला. १९३७ मध्ये काँग्रेसने त्याला मुंबईत प्रत्यक्ष बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूला ११,२२५. बाबासाहेब जिंकले हे योग्यच झाले. त्या जागी दुसरे कोणी विधिमंडळात गेले असते तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. बाळूचे राजकारण मला मान्य नाही. ज्या व्यवस्थेने त्याला काही मिनिटांचे कर्णधारपद दिले तिच्याच आश्वासनावर त्याने विश्वास ठेवला.

पण अकरा हजार मते ही काही हवेतून आली नव्हती. ती देणाऱ्यांत जिमखान्याच्या मैदानाबाहेर उभे राहून त्याचा खेळ पाहिलेली माणसे असणार, आणि त्याच्या जातीची माणसेही असणार. महार आणि चांभार यांच्यातले अंतर काँग्रेसने वापरले असे म्हणून आपण मोकळे होतो. ते अंतर वापरता येण्याइतके शिल्लक का होते, हे विचारीत नाही. एका निवडणुकीतला विरोधक म्हणून बाळूला इतिहासातून वगळायचे ठरविले, तर त्याच्याबरोबर विठ्ठल जातो, शिवराम जातो आणि १९२० चा तो नकारही जातो. बाबासाहेबांना स्वत: बाळूविषयी आदर होता, ही गोष्ट येथे विसरता कामा नये.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारला. त्याआधी १९४८ साली विठ्ठलने ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मकथन मराठीत प्रसिद्ध केले होते. गुहांनी आपल्या इंग्रजी ग्रंथासाठी त्याचा भरपूर आधार घेतला. दलित आत्मकथनांचा इतिहास आपण वर्गात शिकवतो तो ‘बलुतं’पासून, म्हणजे १९७८ पासून, मागे गेलोच तर एखाद-दुसरे नाव घेतो. त्याच्या तीस वर्षे आधी एका चांभार खेळाडूने स्वत:च्या नावाने, स्वत:च्या आयुष्यावर मराठीत पुस्तक लिहिले होते, ते या यादीत मला कोठे आढळले नाही. क्रीडाविषयक म्हणून ते ग्रंथालयात वेगळ्या फळीवर लागले असेल. माझ्या दोन विद्यार्थ्यांना मी ते पुण्यातल्या जुन्या ग्रंथालयांत शोधायला सांगितले आहे. वाचकांपैकी कोणाकडे त्याची प्रत असेल तर तिची छायाप्रत मिळावी.